राखणीचं कुत्रं

रविवारी तनुजा म्हणाली, "आज दादांची भाकर मी घेऊन जाते माळावर," तेव्हा सरूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती परातीतच पडली. चोवीस वर्षांची ही पोरगी कॉलेजात पाऊल टाकल्यापासून मेंढरांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. बापाची घोंगडी दोरीवर वाळत असली तरी नाकाला ओढणी लावून जायची. आणि आज भर उन्हात निघाली होती.

"काय गं, लगीनबिगीन ठरवलंस का काय? बापाला एकटं गाठून सांगायचं आसंल," सरूबाई म्हणाली.

"नाय गं माय. सुट्टी हाये म्हणून."

तनुजा हसली नाही. बुधवारपासून ती कशालाच हसली नव्हती, आणि ताटातलं अर्धं ताटातच राहत होतं. आईला तिनं कामाचा ताण सांगितला होता आणि आईनं दृष्ट काढली होती. दृष्ट काढून भागणारी गोष्ट नव्हती ती. तिच्यासमोर, तिच्या पडद्यावर एक माणूस गाडीखाली गेला होता. सोमवारी तिला चौकशीत जबाब द्यायचा होता, आणि त्याआधी बापाला एकच प्रश्न विचारायचा होता. तो माणूस आपल्यामुळं मेला की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होतं.

आता पडेगावच्या मल्हारी धनगराच्या लेकीचा आणि रेल्वेचा संबंध काय, असं कुणीही विचारील. तर रेल्वे इथली नव्हेच. केल्दोरा नावाचा देश आहे. नकाशावर शोधायला बसलं तर पुढ्यातला चहा गार होतो, एवढासा. त्या देशाच्या सरकारनं आपल्या मालगाड्या विकून टाकल्या आणि माणसं नेणाऱ्या गाड्या तेवढ्या स्वतःकडं ठेवल्या, कारण त्या कुणी घेईना. मग उरलेल्या कारभाराचं नाव ठेवलं केल्दोरा राष्ट्रीय प्रवासी रेल्वे. नाव भारदस्त, गाड्या जुन्या, तीन-तीन डब्यांच्या. पुढं त्या सरकारच्या असंही ध्यानात आलं की फाटका-फाटकावर माणूस बसवून ठेवणं परवडत नाही. फाटकवाले घरी गेले, खांबांवर कॅमेरे बसले, आणि ते कॅमेरे बघायला इकडं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत काचेच्या इमारतीत साठ पोरंपोरी बसली. तनुजा त्यातली एक. कंपनीची बस तिला रोज सकाळी पडेगावाशेजारच्या छावणी भागातून उचलायची आणि अख्खं शहर ओलांडून शेंद्र्याला नेऊन सोडायची.

काम ऐकायला सोपं. पडद्यावर नऊ फाटकं. रुळाजवळ काही आलं की यंत्र त्याच्याभोवती चौकट काढणार आणि वर नाव लिहिणार. माणूस, वाहन किंवा मोठं जनावर असलं तर गाडी आपोआप थांबे. लहान जनावर किंवा सामान असलं तर थांबवायची की जाऊ द्यायची, हे समोरच्यानं ठरवायचं. थांबवायची तर लाल बटण दाबायचं.

अडचण होती मेंढरांची. केल्दोरात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. पहिले दोन महिने जो तो मेंढरू दिसलं की बटण दाबी. गाड्या तासतास उशिरानं धावू लागल्या आणि तिकडच्या मंत्र्याला म्हणे सभागृहात तोंड लपवायची पाळी आली.

तिसऱ्या महिन्यात एकदा शेजारच्या खुर्चीवरचा अभय बटण दाबायला गेला. हा सिडकोत वाढलेला पोरगा, त्यानं मेंढरू पाहिलं ते ईदच्या बाजारात. तनुजानं त्याचा हात धरला. "थांब. म्होरक्या बघ, मान वळवलीय त्यानं. आता सगळी मागं फिरतील." आणि दहा सेकंदांत कळप खरंच मागं फिरला. अभय आ वासून बघत राहिला. हे तुला कसं कळतं, ते त्यानं तिच्याकडून काढून घेतलं आणि सगळ्या मजल्यावर सांगितलं. मुलाखतीत तनुजानं 'वडील शेती करतात' असं सांगितलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

पण झालं भलतंच. ज्याची लाज वाटायची, त्याचीच किंमत आली. व्यवस्थापक मेघा मॅडम म्हणू लागल्या, "मेंढ्या दिसल्या की तनुजाला विचारा." कळप बुजलाय की नुसता थबकलाय, पुढं येईल की फुटेल, हे पोरगी लांबून सांगायची आणि बरोबर निघायचं. लहानपणी सुट्टीत मेंढरांमागं घालवलेले चार उन्हाळे, तेवढीच तिची विद्या. त्यावर गाड्यांचं थांबणं निम्म्यावर आलं. पुढच्या महिन्यापासून तिला पाळीप्रमुख करायचं ठरलं होतं. तिला अभिमान वाटू लागला होता, आणि का वाटू नये? फक्त ही विद्या ज्याची, त्या मल्हारीला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. "तिकडच्या रेल्वेचं काम करते," एवढंच त्याला माहीत.

तिच्या नऊ फाटकांत एकशेचौदा नंबरचं फाटक तिचं लाडकं होतं. आपल्याकडं दुपारचे दोन वाजले की तिकडं साडेदहा होत आणि एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन तिथं येई. पाय बाकदार, चालताना डावीकडं झुकायचा. थेट तिच्या सांडूमामासारखा. म्हणून तिनं त्याचं नावच सांडूमामा ठेवलं होतं. त्याच्याकडंही जाड करडी घोंगडी होती आणि एक कान पडलेलं, पांढऱ्या छातीचं कुत्रं होतं. फाटकाशी आला की तो घोंगडी खाली टाके, कुत्र्याला तिच्यापाशी बसवी आणि मेंढरं घेऊन खालच्या ओढ्यावर पाण्याला जाई. वीस मिनिटांनी वर येऊन घोंगडी खांद्यावर टाकून पुढं.

पहिल्यांदा हे बघून तनुजा एकटीच हसली होती. सात समुद्रांपलीकडं तीच रीत! मल्हारी हेच करायचा. घोंगडी टाकायची, कुत्र्याला "राख" म्हणायचं आणि खुशाल निघून जायचं. मग त्या घोंगडीला हात लावायची कुणाच्या बापाची टाप नसे.

बुधवारी तिकडं बुरबुर पाऊस होता. दोन वाजून गेले होते. एकशेचौदावर रुळाला लागून काहीतरी करडं पडलेलं दिसलं, जवळ कुत्रं. मेंढरं खाली ओढ्याच्या अंगाला विखुरलेली. यंत्रानं चौकटी काढल्या: सामान, लहान जनावर. गाडी यायला पन्नास सेकंद.

अभय खुर्ची सरकवत जवळ आला. "तनु, ते पोतं रुळाला एकदम चिकटून आहे यार. थांबव."

"पोतं नाही ते, घोंगडी आहे. कुत्रं राखणीला बसवलंय. म्हातारा खाली पाण्यावर गेला असेल, रोजचंच आहे."

"पण रोज एवढी जवळ टाकतो का? मला काहीतरी गडबड वाटते. थांबव ना, दोन मिनिटांचा तर सवाल आहे."

तिचं बोट लाल बटणावर होतं. नुसतं दाबायचा अवकाश होता. पण त्या महिन्यात तिच्या नावावर एकही फुकटचं थांबणं नव्हतं, आणि हा सिडकोतला पोरगा तिला घोंगडी म्हणजे काय ते शिकवत होता.

"मला शिकवतो का? जन्म गेला माझा ह्यात," ती म्हणाली आणि तिनं बोट उचललं.

जन्म कुठला जायला! चार उन्हाळे गेले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

गाडी आली. पडद्यावर आवाज येत नाही, पण ड्रायव्हरनं भोंगा वाजवला असणार, कारण ओढ्याकडची मेंढरं एकदम उधळली. कुत्रं हललं नाही. तीन डबे गेले, पुढं जाऊन गाडी थांबली. घोंगडी ओढली जाऊन उलगडली होती. यंत्रानं जुनी चौकट पुसली, नवी काढली आणि तिच्यावर लिहिलं: माणूस.

शुक्रवारपर्यंत तिकडचा अहवाल आला. वय वर्षं त्रेसष्ट. छातीत कळ आली असावी, चालता चालता रुळाशी पडला. अंगावर घोंगडी पांघरलेली होती. गाडी आली तेव्हा तो जिवंत होता. अहवालात त्याचं नाव होतं, लांबलचक, तिला उच्चारताही येईना. दोन महिने ती त्याला मामा म्हणत होती.

मेघा मॅडमनी तिला आत बोलावून पाणी दिलं. बाई वाईट नव्हती, पण तिलाही वरच्यांना तोंड द्यायचं होतं. "हे बघ, सॉफ्टवेअरने सामान दाखवलं. सामानासाठी गाडी थांबवायची सक्ती नाही. तू नियमाबाहेर काही केलं नाहीस. सोमवारी त्यांचे अधिकारी स्क्रीनवर विचारतील, तेव्हा एवढंच सांगायचं."

"आणि अभय थांबव म्हणाला होता, ते?"

"इथलं बोलणं रेकॉर्ड होत नाही, तनुजा. त्यालाही कुणी विचारणार नाही. पुढच्या महिन्याचं पाळीप्रमुखाचं आहे तसंच आहे."

सुंठीवाचून खोकला गेला, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. तनुजा मात्र ग्लास तसाच ठेवून बाहेर आली. अभय तिच्याशी बोलायचा थांबला होता. तो रागावला नव्हता. त्याला बिचाऱ्याला काय बोलावं तेच सुचत नव्हतं. तिनं एकाच आशेला धरून ठेवलं होतं. घोंगडीजवळ कुत्रं बसलंय म्हणजे राखण, असंच कुठलाही मेंढरांतला माणूस समजला असता. दादाही तेच म्हणाले तर मग आपला दोष नाही. मग ते त्या म्हाताऱ्याचं नशीब. एवढं एकदा दादांच्या तोंडून ऐकलं की सोमवारी मॅडमनी सांगितलेलं बोलायला जीभ जड होणार नाही.

दौलताबाद रोडच्या अलीकडच्या माळावर बाभळीखाली मल्हारी बसला होता. एकेकाळी दोनशे मेंढरं घेऊन नगर जिल्ह्यापर्यंत जाणारा हा गडी. आता पस्तीस उरली होती आणि माळावर प्लॉटिंगचे खांब रोवले जात होते. लेक येताना दिसली तसा तो उठून उभाच राहिला. भुऱ्या कुत्रं शेपूट हलवत सामोरं गेलं.

"आज सूर्य कुण्या अंगाला उगवलाय म्हणायचा?"

"भाकर आणलीय दादा. खा आधी."

त्यानं भाकरी हातावर घेतली, ठेचा मधोमध ठेवला. ती समोर बसली. प्रश्न चार दिवस मनात घोळवला होता.

"दादा, समजा लांबून दिसलं की घोंगडी पडलीय आन् जवळ कुत्रं बसलंय. काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात? राखण ठेवलीय. धनी आसंल तिथंच कुठं, पाण्यावर न्हाईतर झाडामागं."

तनुजानं डोळे मिटले. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. तिनं बापाच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिली. सोमवारी काय बोलायचं ते आता तिला पाठ होतं.

मल्हारीला मात्र भरून आलं होतं. आठ-नऊ वर्षांत लेकीनं मेंढरांबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि आज माळावर येऊन घोंगडीचं विचारत होती. असा माणूस एवढ्याशा उत्तरावर थांबतो होय? त्यानं हात झटकले.

"पर कुत्रं बसलंय कसं, ते बघाया लागतं."

"कसं म्हंजी?"

"चल, दावतो."

त्यानं खांद्यावरची घोंगडी जमिनीवर टाकली. "भुऱ्या, राख!" म्हणाला आणि लेकीला घेऊन वीस पावलं लांब गेला. भुऱ्या घोंगडीपाशी गेला, एकदा हुंगलं, आणि घोंगडीकडं पाठ करून, बाहेर तोंड करून बसला. कान टवकारलेले, नजर वाटेवर.

"बघ. राखणदार चोराकडं बघतो, मालाकडं नाय. जो येईल त्याला आधी त्याचं थोबाड दिसाया पायजे. आता हितंच उभी ऱ्हा."

तो परत गेला, भुऱ्याला उठवलं, स्वतः जमिनीवर आडवा झाला आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. लांबून बघणाऱ्याला करडं गाठोडं. भुऱ्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली. मग घोंगडीकडं नाक करून बसला. वाटेकडं त्याची पाठ झाली. वाटेवरून एक मोटारसायकल फटफटत गेली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

"कुठं तोंड हाये गं त्याचं?" घोंगडीतून आवाज आला. "धन्याकडं का न्हाई? कुत्रं आत तोंड करून बसलं की समजायचं, घोंगडीत माणूस हाये."

तनुजाला रोजचं ते कुत्रं आठवलं. रोज तिला त्याचा पडलेला कान दिसायचा, पांढरी छाती दिसायची, कारण रोज ते तिच्याकडं, कॅमेऱ्याकडं तोंड करून बसायचं. बुधवारी तिला फक्त त्याची पाठ दिसली होती. पन्नास सेकंद ती पाठ तिच्या डोळ्यांसमोर होती. भोंगा वाजला, मेंढरं उधळली आणि कुत्र्यानं गाडीकडं पाहिलं नाही, तेही तिनं पाहिलं होतं.

"दादा, उठा."

मल्हारी उठेना. लेकीची गंमत करायची हुक्की आली होती त्याला. घोंगडीखाली तो निपचित पडून राहिला.

"दादा, उठा! उठा म्हणते ना!" ती ओरडतच धावली. भुऱ्या गुरगुरला तरी तिनं घोंगडी दोन्ही हातांनी खेचून काढली. मल्हारी हसतच उठून बसला आणि तिचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

"काय झालं गं पोरी?"

"माणूस होता दादा. त्या घोंगडीत माणूस होता."

ती तिथंच मातीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. म्होरक्यापासून लाल बटणापर्यंत, मेघा मॅडमच्या पाण्याच्या ग्लासापर्यंत. रेल्वे कुठली, यंत्र कसलं, मल्हारीला फारसं समजलं नसावं. जे समजायचं ते समजलं होतं.

"त्यो शेजारचा पोरगा थांबव म्हणला व्हता?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"त्याला यातलं कायबी म्हाईत न्हवतं. म्हणून त्याला भ्या वाटलं. आन् तुला निम्मं म्हाईत व्हतं."

तिला वाटलं होतं, बाप डोक्यावरून हात फिरवील, जाऊ दे म्हणेल. तो म्हणाला नाही. लबाड बोलणं त्याला जमत नव्हतं, लेकीसाठीसुद्धा. त्यानं घोंगडी झटकली, घडी घातली आणि कितीतरी वेळ ती मांडीवर घेऊन बसला.

"त्याची मेंढरं कुणी नेली मग?" त्यानं विचारलं.

तनुजाला माहीत नव्हतं. अहवालात ते नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. ती रडू लागली. मल्हारीनं तिला रडू दिलं. मेंढरं उतरणीला लागली होती, तरी तो उठला नाही.

सोमवारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर केल्दोराचे तीन अधिकारी दिसले. मधल्या बाई वयस्कर होत्या. त्यांचं बोलणं एक दुभाषी हिंदीत सांगत होता. मेघा मॅडम तनुजाच्या उजव्या हाताला बसल्या होत्या, अभय मागच्या खुर्चीवर.

"यंत्राने सामान दाखवलं आणि नियमाप्रमाणे तुम्ही गाडी जाऊ दिली, बरोबर?" दुभाष्यानं विचारलं.

'हो' म्हटलं की संपत होतं.

"यंत्राला कळलं नव्हतं," तनुजा म्हणाली. "पण मला कळायला पाहिजे होतं. माझा सहकारी थांबव म्हणाला होता. मी त्याचं ऐकलं नाही. मी त्याला म्हणाले, मला यातलं सगळं माहीत आहे."

मेघा मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मागं अभयची खुर्ची वाजली. तनुजा सांगत गेली. कुत्र्याची पाठ सांगितली, राखणीची रीत सांगितली, कुत्र्याचं तोंड आत असलं तर घोंगडीत माणूस असतो हे सांगितलं. दुभाष्याला घोंगडीला शब्द सापडेना, तेव्हा तिनं हातानं पांघरून दाखवलं. पडद्यावरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं होतं.

"मेंढपाळ कुत्र्यांची ही माहिती तुम्हाला कोणी दिली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी. ते मेंढरं राखतात."

"कधी?"

तनुजानं मान वर करून पडद्यावरच्या बाईंकडं पाहिलं.

"काल," ती म्हणाली. "त्याआधी मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं."